माणसं नसलेला किनारा

२ तारीख, रविवार

उद्या निघायचं. स्टुडिओच्या किल्ल्या आज पुतण्याच्या हातात दिल्या. ‘काका, काळजी करू नका’ म्हणाला. असं म्हणणाऱ्याचीच मला जास्त काळजी वाटते. आयुष्यभर त्या खोलीत मी लोकांना ‘मान जरा वर, खांदे खाली, हं, हसा आता’ हेच सांगत आलो. पासपोर्टवाले, लग्नवाले, नोकरीच्या अर्जवाले. आता पुरे. आता समुद्राचे फोटो काढायचे. समुद्राला मान वर करायला सांगावं लागत नाही, आणि फोटो हातात पडल्यावर ‘यात मी जाड दिसतोय’ असं तो म्हणत नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात पुढच्या महिन्यात माझं प्रदर्शन ठरलंय. नाव मी देऊनही टाकलं, ‘माणसं नसलेला किनारा’. फोटो अजून एकही नाही, पण नाव झोकात आहे.

गाडी चालवायला खरं तर चिरंजीव येणार होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला लांबच्या प्रवासात गाडी चालवायला बंदी घातलीय. पण चिरंजिवांना काम. कामाचा बोजा इतका, की गेले काही महिने ते ऑफिसजवळच खोली घेऊन राहतात. ऑफिस घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे, पण हल्लीच्या मुलांना वीस मिनिटंही जड होतात. रविवारी जेवायला येतो, तर नेमकी सूनबाई मैत्रिणीकडे गेलेली असते. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. असो. त्याच्याऐवजी सूनबाई येतेय. आपणहून रजा काढली पोरीने.

ही माझी बॅग भरता भरता म्हणाली, “अहो, वाटेत तिचं जरा ऐकून घ्या.” म्हटलं, ऐकतोच की, मी काय बहिरा आहे? त्यावर हिने मोज्यांची जोडी बॅगेत अशी काही कोंबली, की मी लेन्स पुसायला घेतली.

३ तारीख, सोमवार

पोचलो. लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीच्या चौकटी खाऱ्या वाऱ्याने पांढऱ्या पडल्यात, कडी लागता लागत नाही. पण खिडकीतून जे दिसतं त्यापुढे कडीचं काय घेऊन बसलात? काळे उभे कडे, खाली फुटलेल्या खडकांचा पसारा, आणि त्याच्यावर आपटून आपटून अजून न दमलेला समुद्र.

सूनबाई गाडी छान चालवते. चिरंजिवांपेक्षा छान. वळणावर हॉर्न देते, चिडत नाही, आणि थांब म्हटलं की थांबते. आज निदान सात-आठ वेळा थांबवली मी. एकदा ती म्हणाली, “बाबा, एक सांगायचं होतं,” आणि नेमका त्याच क्षणी ढग फाटून कड्यावर असं ऊन पडलं की मी जवळजवळ चालत्या गाडीतून उतरलो. फोटो बरा आला. परत आल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, असू दे, सावकाश सांगते. ब्रेकबद्दल असावं बहुतेक. उतारावर जरा आवाज येतोय.

५ तारीख, बुधवार

काल आणि आज मिळून पाच चांगले फोटो. सूनबाईला आज माझी पद्धत समजावून सांगितली. लेन्सवर काळी काच बसवायची, इतकी काळी की डोळ्याला लावली तर भर दुपारी अंधार. मग शटर चार-पाच मिनिटं उघडं ठेवायचं. त्या वेळात कितीतरी लाटा येतात नि जातात, पण फोटोत लाट एकही उरत नाही. पाणी साय धरलेल्या दुधासारखं शांत दिसतं. खडक तेवढे राहतात. जे हलतं ते पुसलं जातं.

“माणूस मध्ये आला तर?” तिने विचारलं.

म्हटलं, चालता असेल तर त्याचीही काळजी नाही. थांबला तरच उमटतो. म्हणून तर ही पद्धत मला आवडते. कोणाला बाजूला व्हा म्हणावं लागत नाही. तिने मान हलवली आणि बराच वेळ त्या काळ्या काचेतून समुद्राकडे बघत बसली. कॅमेऱ्याची गोडी लागतेय बहुधा. परत गेल्यावर माझा जुना छोटा कॅमेरा तिला द्यायचा विचार आहे. घरात कोणीतरी या विषयावर बोलायला हवं. हिच्याशी बोलायला जावं तर ही स्वयंपाकघरातून नुसतं ‘हं’ म्हणते.

संध्याकाळी चहा पिताना सहज म्हटलं, निघायच्या आधी तू तुझ्या खोलीतले कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होतीस, ते काय? घराला रंग द्यायचा विचार आहे का तुझ्या सासूबाईंचा? मला तर कोणी काही सांगत नाही. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “सांगते, बाबा. उद्या तुमचा कॅमेरा बंद असेल तेव्हा सांगते.” म्हटलं, उद्या कॅमेरा बंद असण्याची शक्यता कमी, भरती-ओहोटी फार चांगली जुळून आलीय. हसली. पण डोळ्यांत हसू नव्हतं. हे मला कळतं. चाळीस वर्षं तेच पाहत आलो.

७ तारीख, शुक्रवार

कालचं सगळं नीट लिहायला हवं. काल डायरी उघडलीच नाही.

ओहोटीला कड्याच्या पायथ्याचा एक मोठा सुळका उघडा पडतो. मध्ये गोट्यांची वाट, त्यावरून चालत जाता येतं. त्याच्या पुढच्या बाजूला एक सपाट कट्टा आहे, तिथून किनाऱ्याची पूर्ण रांग एका चौकटीत बसते. सकाळी तिथे जाऊन ट्रायपॉड लावला. भरती कधी सुरू होणार हे मला ठाऊक होतं, येताना तक्ता बघून आलो होतो. पण मी बसलो फोटो बघत. एक काढायचा, मागच्या पडद्यावर बघायचा, पाणी कसं शांत, कसं सपाट, की पुन्हा पुढचा. प्रत्येक फोटोत समुद्र झोपलेला. मग मलाही तो झोपलेलाच वाटायला लागला. डोळ्यांसमोर खरा समुद्र होता, मान वर करून बघायचं एवढंच काम होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांना मान वर करायला लावणाऱ्या माणसाने ते केलं नाही.

सूनबाई वाटेच्या अलीकडे बसली होती. तिने दोनदा हाक मारली. मी हात वर करून ‘एक शेवटचा’ असं खुणावलं. अजून एक शेवटचा चालू असतानाच ती स्वतः आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. शटर बंद होताच तिने कॅमेरा ट्रायपॉडसकट उचलला. मान वर करून बघतो तर वाट नाही. गोट्यांवरून पाणी नुसतं धावत होतं.

 माझा गुडघा, ती पोरगी, आणि मध्ये ते पाणी. कड्यावरून जाळी नेणाऱ्या एका माणसाने आम्हाला पाहिलं आणि हातांचा कर्णा करून ओरडून सांगितलं, की वर चढून बसा, पाणी उतरल्याशिवाय खाली येऊ नका. सुळक्याच्या माथ्यावर गवत होतं, म्हणजे तिथवर समुद्र येत नाही. सूनबाईने मला खालून रेटत, वरून ओढत त्या गवतापर्यंत नेलं. एरवी हसू यावं असं ते दृश्य होतं, पण हसलं कोणीच नाही.

वर बसलो. ऊन होतं, वारा होता, धोका काही नव्हता. फक्त पाणी उतरेपर्यंत कुठे जाता येणार नव्हतं. वरून किनारा असा काही दिसत होता, की मी बॅगेकडे हात केला. तिने बॅग मांडीवर घेतली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

“आता नाही, बाबा. आता मी बोलणार आहे.”

आणि तिने सांगितलं. दोघं वेगळे झालेत. काम वगैरे काही नाही, त्याने खोली त्यासाठीच घेतली. कागदांवर सह्या एकोणीस तारखेला. तिने दोन गल्ल्या सोडून एक जागा भाड्याने पाहिली आहे, पंधरा तारखेला ती तिकडे जाणार. हिला सगळं माहीत आहे. माझ्या व्याह्यांना माहीत आहे. पुतण्यालाही माहीत आहे. मला तेवढं नव्हतं.

मी विचारलं, त्याने काही केलं का? मारलं, ओरडला, दुसरी कोणी? नाही म्हणाली. भांडणसुद्धा नाही. “घरात दोघं असलो की दोघंही वाट बघायचो, दुसरा बाहेर कधी जातो याची. असं किती दिवस राहायचं?” रडत नव्हती. हे तिने पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं असणार, तसं सरळ सांगत होती. मला मात्र कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. रागही आला. कोणाचा ते अजून ठरत नाही.

 मग ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. म्हणाली, “एकच विचारायचंय. माझ्या वडिलांना मी पप्पा म्हणते. बाबा म्हणून हाक फक्त तुम्हालाच मारली. ती सवय ठेवली तर चालेल का? तुम्हाला अवघड वाटत असेल तर तसं सांगा. मी समजून घेईन.”

मी म्हणालो, “पाणी उतरायला लागलं बघ.”

पाणी उतरत नव्हतं. उलट चढत होतं. तिने बघितलं, ‘हो’ म्हणाली, आणि माझ्या अंगावर तिची शाल टाकली. उन्हं कलल्यावर वाट उघडी पडली, तेव्हा तिने माझा हात धरून मला पलीकडे नेलं. खोलीवर येऊन आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. अंड्याला मीठ कमी आहे, यापलीकडे मी काही बोललो नाही.

८ तारीख, शनिवार

चिरंजिवांना फोन केला. पहिली पाच मिनिटं मी बोललो, ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाबा, मी तीन वेळा सांगायला स्टुडिओत आलो होतो, तीनही वेळा तुम्ही मला लाइट धरायला लावलात. मला आठवलं. एकदा तर त्याने फार सुंदर धरला होता, मी त्याचं कौतुकही केलं होतं. त्याचा आवाज थकलेला होता. मुलगा आहे माझा. त्याला टाकून बोलणं मला जमणार नाही, आणि तिला टाकून बोलणंही जमत नाही. मधल्या मध्ये माझी पंचाईत.

मग हिला फोन. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही सगळे मूग गिळून बसलात? ही म्हणाली, “ते राहू दे. तिने तुम्हाला काही विचारलं का?” विचारलं म्हणालो. “मग तुम्ही काय उत्तर दिलंत?” पाणी उतरतंय असं म्हणालो, हे सांगितलं.   पलीकडे हिने फोन ठेवल्याचा आवाज आला.

९ तारीख, रविवार

समुद्र आज राखाडी. वारा नाही. फोटोला अगदी योग्य दिवस, आणि मी गाडीतच बसून राहिलो. सूनबाई उतरून कठड्यापर्यंत जाऊन आली. मला चहा आणून दिला. ती पूर्वीसारखीच वागते, हेच मला बोचतं. तिने जरा चिडायला हवं होतं. एक मात्र लक्षात आलं. गुरुवारपासून तिने मला कुठलीच हाक मारलेली नाही. ‘चहा घेता का?’, ‘निघायचं का?’ एवढंच. बोलते सगळं, पण हाक टाळून.

मला उत्तर देता येत नाही असं नाही. उत्तर माझ्याजवळ आहे. पण तोंड उघडलं की हवामान बाहेर पडतं. आज म्हणालो, ढग खाली आलेत. ती हो म्हणाली.

संध्याकाळी गुरुवारचे फोटो मोठे करून पाहिले. शेवटचा सर्वांत चांगला आलाय. पाणी, कडे, आभाळ, काही हललेलं नाही. तो फोटो चालू असताना ती पाण्यातून माझ्याकडे आली होती, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर लेन्सच्या समोरून. फोटोत ती कुठेच नाही. एखादा डाग असावा म्हणून भिंग लावून शोधलं. नाही. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष फोटो आहे. बघवेना, म्हणून बंद केला.

१० तारीख, सोमवार

परत निघालो. वाटेत एका बंदरावर थांबलो. तिने एका हाताने केस धरले होते, दुसऱ्या हातात ब्रेडचा तुकडा, आणि एक समुद्रपक्षी त्या ब्रेडवर डोळा ठेवून तिच्याभोवती घिरट्या घालत होता. ती त्याला दटावत होती, जा, तुला नाही मिळणार. मी काळी काच काढली आणि पटकन फोटो घेतला. अर्धा चेहरा केसांखाली, क्षितिज तिरकं, पक्ष्याचा एक पंख कापलेला. स्टुडिओत असा फोटो पुतण्याने काढला असता तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. पुसला नाही. ठेवलाय.

ब्रेकचा आवाज खरोखरच येतोय. गॅरेजवाल्याला दाखवायचा.

१५ तारीख, शनिवार

ती गेली. खोकी फार नव्हती, एका फेरीत झालं. ही तिच्याबरोबर जाऊन पडदे लावून आली. मी गेलो नाही. म्हटलं, गुडघा. ही म्हणाली, हो, तुमचा गुडघा. तिने जाताना मला खाली वाकून नमस्कार केला आणि ‘येते’ म्हणाली. नुसतं ‘येते’. मी तिला छोटा कॅमेरा दिला. तो कसा चालतो ते तीनदा समजावलं. तिला पहिल्यांदाच समजलं होतं.

संध्याकाळी टेबलावर तीनच ताटं पडली. चिरंजीव आले होते. त्यानेही फारसं खाल्लं नाही. आम्ही दोघं बातम्या बघत बसलो आणि मला त्याची फार दया आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं. फिरवला. दचकला.

२० तारीख, गुरुवार

काल सह्या झाल्या. ही म्हणाली, दोघं बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा प्यायले आणि आपापल्या वाटेने गेले. मला हे बरं वाटलं की वाईट, ते समजत नाही.

दिवसभर घरात कोणाशी बोलावं ते कळेना. नवीन फोटो छापून आले तर सवयीने तिच्या खोलीच्या दारापर्यंत नेले. दार उघडंच होतं, आत पलंगावर गादीची गुंडाळी. मला ती हवी आहे. घरात नसली तरी चालेल, पण कुठेतरी माझी म्हणून असायला हवी. हे इथे लिहिता येतं, तिच्यासमोर का येत नाही?

वाचनालयातून फोन आला. फोटो कधी देता, आणि प्रदर्शनाचं नाव तेच ना? म्हटलं, नाव बदलायचंय, पण नवीन अजून सुचलेलं नाही. ‘किनारा’ एवढंच ठेवा तूर्त.

२३ तारीख, रविवार

हिने सकाळी सांगितलं की तिकडे एक फळी बसवायचीय भिंतीला, मालक ठोकाठोक करणारा माणूस पाठवीन म्हणून आठवडा झाला, पाठवत नाही. हे सांगून ही स्वयंपाकघरात निघून गेली. मी ड्रिल घेतलं, खिळे, स्क्रू, पाण्याची पातळी बघायची नळी घेतली आणि निघालो. दोन गल्ल्या म्हणजे काही लांब नाही, पण वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. काय बोलायचं ते पाठ करत होतो. एकही वाक्य धड होईना.

फाटकाशी घरमालक झाडांना पाणी घालत होते. अंगात बनियन, हातात नळी. कोण पाहिजे म्हणाले. मी वरच्या मजल्याकडे बोट केलं.

“तुम्ही त्यांचे कोण?”

मी ड्रिल या हातातून त्या हातात घेतलं. सासरा म्हणावं, तर ते बुधवारी संपलं. ओळखीचा म्हणायला जीभ रेटेना.

“वडील,” म्हणालो.

त्यांनी नळी बाजूला धरली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “वडील परवाच येऊन गेले. उंच आहेत ते. चष्मा लावतात.”

“ते पहिले,” म्हणालो. “मी दुसरा.”

आवाज माझ्या अंदाजापेक्षा जरा मोठाच निघाला. मालकांनी पुढे काही विचारलं नाही, फाटक उघडलं. मान वर केली तर ती वर गॅलरीत उभी, हातात ओला कपडा. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

“बाबा, सावकाश या,” म्हणाली. “जिन्याचा कठडा हलतोय.”

आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली असावी, नवीन जागेत ओल असते. मी तसं विचारलं, तर नुसती मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली. फळी पक्की बसली. आता कठडा बघायचाय, शिवाय न्हाणीघराच्या दाराची कडी. उद्या सकाळीच जातो.